बिळातलं गणित

शेतात उंदीर किती आहेत, हे उंदीर मोजून कधी कळत नाही. दिवसा दिसतात ते एखाददुसरे, रात्री बाहेर पडतात त्यातले बहुतेक आपल्या नजरेला पडत नाहीत. म्हणून जालना जिल्ह्यातला शेतकरी मोजतो ती बिळं. संध्याकाळी बांधावरची, पाटाच्या कडेची, गंजीखालची सगळी बिळं माती ढकलून आणि पायानं चेपून बुजवायची. सकाळी पुन्हा फेरी मारायची. जी बिळं रात्रीतून उकरली गेली, ती जिवंत. बुजवलेली तशीच राहिली, ती रिकामी. विषारी आमिष टाकायचं ते जिवंत बिळांतच. कृषी सहायक हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत आणि जाणते शेतकरी त्यांनी सांगण्याआधीपासून करत आले आहेत.

या साध्या फेरीतून दोन आकडे हाती येतात: एकूण बिळं आणि त्यातली जिवंत बिळं. उंदरांमध्ये पसरणाऱ्या रोगाचं गणित मांडायचं, तर सुरुवात नेमकी इथूनच होते. तो रोग जिवाणूचा असो की विषाणूचा, तो एका उंदराकडून दुसऱ्याकडे जातो, आणि जाण्यासाठी दुसरा उंदीर किती अंतरावर आहे यावर त्याचं भवितव्य ठरतं.

जालन्याच्या मातीत हे अंतर जागोजागी बदलतं. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा हे मऊ केसांच्या शेतउंदराचं आयतं घर. माळरानावर, कोरडवाहू तुकड्यात, मुरमाड उतारावर जर्बिल राहतो. हा लांब शेपटीचा, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असलेला, मागच्या पायांवर उड्या घेणारा उंदीर. जिथं पाणी आहे, गहू आहे, मोसंबीची बाग आहे, तिथं घूस. ती बिळात धान्य साठवते आणि तिच्या बिळाच्या तोंडाशी मातीचे ताजे ढीग दिसतात. घरात आणि आडतीच्या दुकानात काळा उंदीर. चौघांच्या हद्दी काटेकोर नाहीत. खरीप निघाला, शेत उघडं पडलं आणि धान्य गावात आलं की शेतातले उंदीर त्यामागोमाग गावाकडे सरकतात. रोगाच्या दृष्टीनं वर्षातला सर्वांत महत्त्वाचा काळ हाच, आणि गणितात तो आणणं सर्वांत अवघड.

हे नुसतं पुस्तकी नाही, याचा पुरावा जालन्याच्या शेजारी आहे. शहागडचा पूल ओलांडून गोदावरीच्या पलीकडे गेलं की गेवराई तालुका लागतो, म्हणजे बीड जिल्हा. त्या जिल्ह्यातल्या मामला गावात १९९४ च्या ऑगस्टमध्ये पिसवा अंगावर येऊ लागल्या, उंदीर पडू लागले आणि पाठोपाठ माणसांच्या जांघेत, काखेत गाठी दिसू लागल्या. भारतात प्लेग संपला असं अनेक वर्षं धरून चाललेल्या यंत्रणेपुढे तो गाठीच्या रूपात उभा राहिला. पुढच्या महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगाची बातमी आली आणि लाखो माणसं शहर सोडून गेली. मामल्याच्या बाबतीत तज्ज्ञांनी एक शक्यता मांडली. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीचा भूकंप झाला होता. पडलेली, सोडलेली घरं आणि त्यांत अडकलेलं धान्य यामुळे उंदरांची संख्या वाढली असावी. रानातल्या उंदरांमध्ये प्लेगाचे जंतू मंद गतीनं फिरत असतातच. १९६० साली बाल्ताझार आणि बहमनयार यांनी उत्तर भारतातल्या अभ्यासातून जर्बिल हाच प्लेगाचा नैसर्गिक आश्रय असल्याचं मांडलं होतं. रानउंदीर आणि घरउंदीर यांची गाठ पडली आणि पिसवांनी मधला पूल बांधला, असा तो तर्क.

तर्क पटण्यासारखा आहे. पण किती उंदीर वाढले म्हणजे साथ पेटते? दुप्पट? दहापट? आणि वाढल्यावर किती आठवड्यांनी? या प्रश्नांना तर्क पुरत नाही, आकडे लागतात. ते मांडायची रीत जगाला जिथून मिळाली, ते ठिकाण मुंबई आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या एका रुग्णाला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग असल्याचं ओळखलं, आणि पुढची दोन-तीन दशकं हा रोग मुंबईत ठाण मांडून राहिला. पुण्यात रँडच्या कारभारानं काय केलं आणि सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्लेगानंच कशा गेल्या, हे मराठी वाचकाला सांगायला नको. कमी सांगितली जाते ती उंदरांची बाजू. १९०५ साली नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगानं परळच्या प्रयोगशाळेत बसून मुंबईचे उंदीर हजारोंनी तपासले. कोणत्या गल्लीत, कोणत्या तारखेला, कोणत्या जातीचा उंदीर मेलेला सापडला, याच्या नोंदी ठेवल्या. त्यातून एक क्रम दिसला. साथ आधी गटारातल्या मोठ्या तपकिरी उंदरांत उठते, मग साधारण दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांत.

याच आयोगाचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. प्लेग झालेल्या खोल्यांमध्ये गिनीपिगांचे पिंजरे ठेवले. जमिनीपासून दोन इंचांवर ठेवलेल्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना प्लेग झाला. दोन फुटांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्यांना झाला नाही. खोली तीच, हवा तीच, घाण तीच. बदललं होतं ते एवढंच, की पिसवेला दोन फूट उडी मारता येत नाही. कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ सालीच पिसवेकडे बोट दाखवलं होतं, त्यांना फार कुणी मानलं नव्हतं. परळच्या या पिंजऱ्यांनंतर मानणं भाग पडलं. खेड्यापाड्यांतल्या लोकांनी मात्र आपल्यापुरतं उत्तर आधीच काढलं होतं. उंदीर पडू लागले की गाव घरं सोडून माळावर झोपड्या टाकून राहायला जाई. कारण ठाऊक नव्हतं, पण माणूस आणि पिसू यांच्यातलं अंतर वाढवायचं काम ते करत होते.

आता गणिताकडे. अँडरसन ग्रे मॅककेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं, मलेरियावाल्या रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर आफ्रिकेत गेले, आणि रोगांकडे गणितानं बघायची सवय तिथंच लागली. पुढे ते एडिंबराला परतले. तिथं त्यांना भेटले विल्यम ओगिल्वी करमॅक. हे रसायनशास्त्रज्ञ १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात, ऐन सव्विसाव्या वर्षी, दोन्ही डोळ्यांनी अंध झाले होते. त्यापुढचं गणित त्यांनी मनातल्या मनात केलं. या दोघांचा १९२७ सालचा निबंध हा साथींच्या गणिताचा पाया मानला जातो. त्यात पडताळ्यासाठी जो एक आलेख दिला आहे, तो मुंबई बेटावरच्या प्लेगमृत्यूंचा आहे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, आठवड्यागणिक.

त्यांची मांडणी अशी. लोकसंख्येचे, इथं खरं तर उंदरांचे, तीन गट करायचे. अजून लागण न झालेले. लागण होऊन रोग पसरवणारे. आणि बाजूला गेलेले, म्हणजे मेलेले किंवा बरे होऊन पुन्हा न लागणारे. पहिल्या गटातून दुसऱ्यात किती जातील? जितके पहिल्या गटात आणि जितके दुसऱ्यात, त्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात, कारण रोग लागायला दोघांची भेट व्हावी लागते. दुसऱ्यातून तिसऱ्यात किती जातील? आजाऱ्यांच्या प्रमाणात. एवढंच. दोन स्थिरांक आणि तीन गट. पण यातून जे निघालं ते तोवर कुणी नेमकेपणानं सांगितलेलं नव्हतं. साथ संपते ती लागण होण्याजोगे सगळे संपले म्हणून नव्हे. ते एका उंबरठ्याखाली आले की साथ मावळू लागते, आणि बरेच जण शेवटपर्यंत रोगाच्या तावडीत सापडतच नाहीत.

एक उदाहरण आकड्यांत करून बघू. समजा, जालन्यातल्या एखाद्या शिवारात २०० उंदीर आहेत. आजारी उंदीर दहा दिवस रोग पसरवतो, आणि भोवती सगळे निरोगी असताना तो सरासरी पाच दिवसांत एकाला लागण देतो. म्हणजे एका आजाऱ्यामागे दोन नवे आजारी. कोविडच्या दिवसांत टीव्हीवर ज्याचा रोज उल्लेख व्हायचा तो आर-नॉट इथं २. हे समीकरणात घातलं, की शेवटी सुमारे १६० उंदरांना लागण होते आणि ४० सुटतात. लाट शिगेला पोचते ती निरोगी उंदीर १०० वर आल्यावर. तिथून पुढे प्रत्येक आजारी सरासरी एकापेक्षा कमी जणांना रोग देतो. सुटलेल्या चाळिसांत काही वेगळी ताकद नव्हती, त्यांच्या वाटेत आजारी उंदीर आला नाही, इतकंच.

मुंबईच्या आकड्यांना करमॅक आणि मॅककेंड्रिक यांनी जी रेषा बसवली ती घंटेच्या आकाराची आहे. त्यांच्या सूत्राप्रमाणे लाट सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिल १९०६ च्या मध्यात, शिगेला पोचते, तेव्हा आठवड्याला ८९० मृत्यू. सुरुवातीच्या काळात दर आठवड्याला मृत्यू साधारण दीडपट होतात. सूत्राची सगळी बेरीज ८,९०० च्या घरात जाते. आणि प्रत्यक्ष नोंदीचे ठिपके या रेषेवर असे बसतात की बघताना चकित व्हायला होतं.

इथंच थांबून सावध व्हायला हवं. या दोघांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं की माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगाचं प्रतिबिंब आहे, आणि आपण गृहीत धरलेल्या गोष्टी काटेकोरपणे खऱ्या नाहीत. बेटावरच्या सगळ्या उंदरांना लागण व्हायची सारखीच शक्यता, सगळ्यांची नाजुकता सारखी, पिसवा इतक्या की जणू उंदीर थेट एकमेकांकडूनच रोग घेतात. यातलं एकही मुंबईच्या चाळींना लागू नव्हतं. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी मात्र आलेख ठेवला आणि ही सावधगिरी गाळली. पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांनी तो आलेख मॉडेल खरं असल्याचा दाखला म्हणून पाहिला.

फ्रेंच गणिती निकोला बकाएर यांनी २०१२ साली त्या आकड्यांकडे पुन्हा पाहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता. मुंबईत प्लेग दर वर्षी येत होता आणि दर वर्षी साधारण त्याच महिन्यांत चढून उतरत होता. लाट जर निरोगी उंदीर कमी पडल्यामुळे ओसरत असेल, तर तिनं दर वर्षी कॅलेंडर पाळायचं कारण काय? कारण हवामानात होतं. तापमान चढलं की पिसवेच्या पोटात जंतूंचा अडथळा नीट तयार होत नाही, पिसवा लवकर मरतात, रोगाचा वेग पडतो. पिसवेच्या पोटातला हा अडथळा बॅको आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये शोधला होता. म्हणजे १९०६ चा उतार उन्हाळ्यानं घडवला, आणि उन्हाळ्याचं एकही पद नसलेलं सूत्र त्यावर चपखल बसलं. रेषा जुळली, कारण मात्र चुकलं. मॉडेल वाचणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट गाठीला बांधून ठेवावी असं मला मनापासून वाटतं. ठिपक्यांवरून रेषा छान गेली, एवढ्यावर रानातला रोग आपल्याला कळला असं समजणं धोक्याचं आहे.

स्थिरांकसुद्धा कायमचे नसतात. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये साहिबसिंग सोखी आणि चित्रे यांनी १९३० च्या दशकात निरनिराळ्या शहरांतल्या उंदरांना प्लेगाचे जंतू टोचून पाहिले. मुंबईचे उंदीर बऱ्याच अंशी तग धरत होते. प्लेगानं फारसा हात न लावलेल्या मद्रासचे उंदीर पटापट मरत होते. वर्षानुवर्षांच्या साथींनी मुंबईत नाजूक उंदीर वेचून काढले होते आणि टणक उंदरांची प्रजा उरली होती. ज्या मॉडेलमध्ये पिढ्या बदलत नाहीत, त्याला हे कधीच दिसणार नव्हतं.

प्लेग उंदराला मारतो. उंदरांतले अनेक विषाणू तसं करत नाहीत, आणि तिथं गणिताचा चेहराच बदलतो. हंता कुळातल्या विषाणूंची लागण झालेला उंदीर सहसा आजारी दिसत नाही, बरा होत नाही आणि त्या रोगानं मरतही नाही. तो आयुष्यभर मूत्रातून, लाळेतून, लेंड्यांतून विषाणू सोडत राहतो. मग तीन गटांपैकी तिसरा गटच उरत नाही. एकदा आजाऱ्यांत गेलेला मरेपर्यंत तिथंच. अशा रोगात किती दिवस आजार टिकतो याला अर्थ राहत नाही, उंदीर किती दिवस जगतो याला येतो. आणि शेतातल्या उंदराचं आयुष्य घुबड, साप, पाऊस आणि नांगर ठरवतात.

आपल्याकडेही या कुळाचा एक विषाणू फार पूर्वी हाती आला होता. १९६४ साली वेल्लोरजवळ एका चिचुंद्रीच्या शरीरातून तो वेगळा केला आणि त्याला थोट्टापलयम असं नाव दिलं. तो हंताविषाणूंच्या घरातला आहे हे बऱ्याच काळानं उमगलं. चिचुंद्री उंदीर नव्हे, हे खरं. पण घराच्या कोपऱ्यात दोघांची ये-जा एकाच भिंतीलगत होते.

या विषाणूंना आणखी एक सवय आहे. ते अंगाबाहेरही काही काळ टिकतात. युरोपातल्या पुमाला विषाणूवर झालेल्या प्रयोगांत लागण झालेल्या उंदरांचा बिछाना जवळपास दोन आठवडे दुसऱ्या उंदरांना लागण देऊ शकत होता. हीच शक्यता धरून फ्रान्समधल्या संशोधकांनी २००३ साली मॉडेलमध्ये उंदरांच्या गटांखेरीज दूषित जमिनीसाठी एक वेगळं पद घातलं. आता दोन उंदरांची भेट व्हायलाच हवी असं नाही. एक येऊन गेला, दुसरा नंतर त्याच वाटेनं गेला, तरी पुरे. जालन्यात असं पद घालायचं तर दोन आठवडे हा आकडा तसाच उचलता येणार नाही. उत्तरेकडच्या ओलसर जंगलातला पालापाचोळा आणि मे महिन्यातला परतूरचा माळ यांत विषाणूच्या आयुष्याचा हिशेब सारखा असूच शकत नाही. बंद गोदामातली, सूर्य न पोचणारी जागा मात्र वेगळी धरावी लागेल.

यापुढचा प्रश्न मला या साऱ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उंदीर दुप्पट झाले तर एका उंदराच्या भेटी दुप्पट होतात का?

दोन टोकांची उत्तरं आहेत. पहिलं: हो, गर्दी वाढली की भेटी वाढतात. मग वरच्या उदाहरणात २०० पैकी १०० उंदीर मारले, तर आर-नॉट २ वरून १ वर येतो आणि साथ उभी राहू शकत नाही. दुसरं: नाही. उंदराचा समागम ठरावीक जोडीदारांशी, झटापट ठरावीक शेजाऱ्यांशी. गर्दी असो नसो, भेटी तेवढ्याच. मग १०० मारले तरी आर-नॉट २ च राहतो. उंबरठा नावाची गोष्टच नाहीशी होते आणि निम्मे उंदीर मारण्याचे कष्ट रोगापुरते वाया जातात. दोन्ही गृहीतकं कागदावर सारखीच नेटकी दिसतात. फरक फक्त एका भागाकाराचा आहे.

खरं काय हे रानातच कळतं. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या परिसरात मायकेल बेगन आणि सहकाऱ्यांनी गोदेवीच्या विषाणूचा अभ्यास केला. नाव गोदेवी असलं तरी हा विषाणू तिथं मुख्यतः रानउंदरांत राहतो. पिंजरे लावायचे, उंदीर पकडायचा, खूण करायची, रक्ताचा थेंब घ्यायचा, सोडून द्यायचा, आणि हे महिन्यामागून महिने करायचं. १९९९ साली त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत आकडे दुसऱ्या उत्तराकडे झुकले. शिवाय एकाच झाडीत राहणाऱ्या दोन जातींच्या उंदरांमध्ये रोगाची देवाणघेवाण अगदी नगण्य निघाली. शेजारी राहणं म्हणजे भेटणं नव्हे.

याउलट कझाकस्तानात पहिलं उत्तर लागू पडलं. तिथल्या वाळवंटी मैदानात मोठा जर्बिल मोठाली बिळं करून कळपानं राहतो, आणि त्याच्यात प्लेग फिरतो. सोव्हिएत काळापासून प्लेगविरोधी केंद्रातली माणसं दर वर्षी वसंतात आणि शरदात बिळं मोजत फिरली: एकूण किती, त्यातली राहती किती. १९४९ पासूनच्या या नोंदींवर २००४ साली एक निबंध आला. एकूण बिळांपैकी साधारण एक तृतीयांश बिळं राहती असली तरच प्लेग पसरू शकतो, त्याखाली नाही, असं त्यात दिसलं. उंबरठा ओलांडल्यावर रोग दिसायला वेळ लागतो, साधारण दोन वर्षं. आरोग्य यंत्रणेला इतकी आगाऊ सूचना दुसरी कुठलीच तपासणी देत नाही. त्या निबंधामागचा पुरावा म्हणजे पन्नास वर्षं बिळं मोजणाऱ्या, नावं कुठंही न छापलेल्या माणसांच्या वह्या होत्या. त्या वह्यांशिवाय गणितज्ञाला काहीही म्हणता आलं नसतं.

आपल्याकडच्या बिळमोजणीत आणि त्या मोजणीत तत्त्वाचा फरक काहीच नाही. फरक आहे तो आकडा टिकवण्याचा. आमिष किती लागेल हे ठरलं की जिवंत बिळांचा आकडा आपण विसरून जातो. तालुक्याच्या कृषी कार्यालयात तो वर्षावर्षाला साठत गेला असता, आणि शेजारच्या आरोग्य केंद्रात पडलेल्या उंदरांची, पिसवांच्या तक्रारींची नोंद त्याच तारखांशी लावून ठेवली असती, तर जालन्यासाठी मॉडेल मांडायला फार काही आणखी लागलं नसतं. दोन खात्यांच्या दोन वह्या एकत्र वाचणं हे माझ्या मते संगणकापेक्षा मोठं काम आहे.

बिळांवरून उंदरांच्या संख्येपर्यंत जायला एक जुनी युक्ती आहे. समजा, पहिल्या खेपेला पिंजऱ्यांत ४० उंदीर सापडले. खूण करून सोडले. काही दिवसांनी पुन्हा पिंजरे लावले, ५० सापडले, त्यांतले १० खूण असलेले. म्हणजे खुणेचे उंदीर एकूण उंदरांच्या पाचवा हिस्सा आहेत, आणि खुणेचे आपल्याला ठाऊक आहेत, ४०. तेव्हा एकूण सुमारे २००. यातही चकवा असतो. एकदा पकडलेला उंदीर पिंजऱ्याला बिचकतो, मग खुणेचे कमी सापडतात आणि एकूण आकडा फुगतो. काही उंदीर उलट खाण्याला सोकावतात आणि पुन्हापुन्हा येतात, मग आकडा घटतो. पिंजरे सलग काही रात्री लावून, प्रत्येक उंदराचा इतिहास वेगळा लिहून ही चूक बरीचशी काढता येते.

जालन्याच्या मॉडेलमध्ये सर्वांत मोठं पद पावसाचं असेल. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत, आणि मध्येच दगा देणारा. उंदरांची वीण पाऊस आणि पीक यांच्या मागोमाग चालते. घुशीची गर्भधारणा साधारण तीन आठवड्यांची. कणसं भरली, शेंगा धरल्या की पिल्लांची रांग लागते. एकदम जन्मलेली ही सगळी पिल्लं लागण होण्याजोगी. काही आठवडे आईकडून आलेल्या प्रतिपिंडांचं कवच असतं, ते उतरलं की विषाणूला एकाच वेळी मोठी नवी प्रजा मोकळी मिळते. म्हणून रानउंदरांच्या मॉडेलमध्ये जन्मदर वर्षभर सारखा धरणं ही साधी सोय नसून ठळक चूक ठरते. विणीचा हंगाम छोटा आणि तीव्र असला, तर कधी कधी दोन विणींच्या मधल्या काळात विषाणूच संपून जातो.

आणि जालन्याला दुष्काळ आहे. २०१२-१३ साली मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, लोकांनी त्या कुऱ्हाडीनं तोडल्या. अशा वर्षी उंदीरही मरतात, साप-घुबडंही घटतात. मग चांगला पाऊस आला तर उंदीर महिन्यांत सावरतात, त्यांना खाणारे वर्षांत. हा मधला काळ गणितानं सांभाळून पाहावा असा आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य वाळवंटात १९९३ साली सिन नोंब्रे हा हंताविषाणू माणसांत आला, त्याआधीच्या काळात असंच घडलं होतं. कोरड्या वर्षांनंतर एल निन्योचा भरपूर पाऊस, रानात दाणा, हरणउंदरांची संख्या अनेक पटींनी वर, आणि मग घराघरांत त्यांची वर्दळ.

उरला प्रश्न उंदीर मारण्याचा. इथं मॉडेलनं आपल्या सवयींना सरळ छेद दिला आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीमध्ये लासा तापाचा विषाणू घरात शिरणाऱ्या रानउंदरांत राहतो. तिथल्या काही गावांत कित्येक वर्षं, दर वर्षी एकदा, विष टाकून उंदीर मारले. संख्या पडली आणि पुढच्या हंगामापर्यंत पुन्हा वर आली. या नोंदींवर बेतलेल्या मॉडेलनं सांगितलं की वर्षातून एकदा मारून विषाणू हटत नाही. सतत मारत राहावं लागेल किंवा उंदरांनाच लस द्यावी लागेल. मागचं कारण आपल्या उदाहरणातही दिसतं. २०० उंदरांतले जे मारले त्यांत रोग होऊन गेलेले, आता अडसर म्हणून उभे असलेले मोठे उंदीरही गेले. त्यांच्या जागी आली ती सगळी पिल्लं. संख्या तीच, पण पेटायला तयार.

प्लेगाच्या बाबतीत धोका आणखी सरळ आहे. मॅट कीलिंग आणि क्रिस गिलिगन यांनी २००० साली उंदीर, पिसवा आणि माणूस असं तिहेरी मॉडेल मांडलं. उंदीर मेला की त्याच्यावरच्या पिसवा उपाशी होऊन बाहेर पडतात. आजूबाजूला दुसरे उंदीर असले तर त्यांच्यावर जातात, नसले तर माणसावर. म्हणजे माणसाला धोका सर्वाधिक असतो तो उंदीर वेगानं कमी होत असताना, आणि साथ चालू असताना घाईनं उंदीर मारले तर तो वाढू शकतो. म्हणून प्लेगाच्या भागात क्रम ठरलेला आहे: आधी बिळांत आणि घरांच्या कडेनं कीटकनाशक भुकटी मारून पिसवा संपवायच्या, मगच विषाचं आमिष. उंदीर पडलेला दिसला तर तो हातानं उचलायचा नाही, आधी आरोग्य केंद्राला कळवायचं. आणि पिकासाठी उंदीर मारायचे असतील, तर मोहीम पाऊस पडून वीण सुरू व्हायच्या आत, उन्हाळ्यात, सगळ्या गावानं एकाच आठवड्यात घ्यायची. तेव्हा शेतात खायला कमी असतं, आमिष घेतलं जातं, आणि एकट्यानं आपलं शेत साफ केल्यावर शेजारच्या बांधावरून येणारी भरतीही थांबते.